सहाय्यक सरांची सकाळ

परभणी, मंगळवार

पहाटेचे साडेपाच. पोरं यायला अजून अर्धा तास आहे. कॉलेजच्या फुटबॉल संघाचे सहाय्यक प्रशिक्षक, म्हणजे सहाय्यक सर, मैदानाच्या कडेला उकिडवे बसून एकेका फुटबॉलमध्ये हवा भरतायत. पंपाची सुई आधी ओली करतात, मगच घालतात. कोरडी सुई घुसवली की व्हॉल्वचं रबर आतून चिरतं आणि बॉल रोज बसायला लागतो. नियमात ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) एवढा दाब चालतो. सर ९ वर थांबतात, कारण मैदान टणक. जास्त हवेचा बॉल त्यावर टप्पा पडताच गुडघ्याच्या वर उसळतो, नव्या पोराला पायाखाली घेता येत नाही.

काळ्या मातीचं मैदान सांभाळणं सोपं नाही. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात बुटाच्या तळाच्या खुंट्यांत (स्टडमध्ये) चिखलाचे गोळे. भेगेत पाय पडला की घोटा गेलाच. म्हणून सर भेगांत चाळलेला मुरूम भरतात, संध्याकाळी पाणी मारतात, वापसा आला, म्हणजे माती नुसती ओलसर राहिली, की रोलर फिरवतात. ओल्यावर रोलर फिरवला तर माती त्यालाच चिकटून वर येते. मैदानाच्या रेघांची फक्की मारायला चुना घेत नाहीत, खडूची भुकटी घेतात. घसरून सोललेल्या मांडीला चुना लागला की कातडी भाजते. कोपऱ्याचा काटकोन दोरीनं काढतात: एका बाजूला ३ मीटर, दुसरीला ४, आणि तिरपं माप बरोबर ५ भरलं तरच रेघ.

सामना जिंकला की यातलं काहीच कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही. माझ्या लेखी मात्र कॉलेजच्या संघाचा खरा पाया हाच.

सहाला वॉर्मअप. दुखापती टाळायला फिफानं (फुटबॉलची जागतिक संघटना) आखलेल्या ‘फिफा ११+’ वॉर्मअपचा क्रम: ८ मिनिटं हलकं धावणं, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटची २ मिनिटं वेगानं धावणं. बरेच ठिकाणी मधली १० मिनिटंच गाळतात, आणि गुडघे तिथंच जातात. उड्यांच्या वेळी सर स्वतः खाली बसून पोरांचे गुडघे बघतात. उतरताना गुडघा आत वळला की तिथंच थांबवतात: "बोटाच्या रेषेत ठेव रे, आवाज न करता उतर." धप्प आवाज आला म्हणजे गुडघा वाकलाच नाही, सगळा भार सांध्यावर. मांडीच्या मागच्या स्नायूचा नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यावर बसून, मागून घोटे धरलेले असताना हळूहळू पुढं झुकायचं) नव्या पोराला ३ ते ५ वेळाच. हौसेनं पहिल्याच दिवशी १५ केले की दोन दिवस जिना उतरवत नाही.

पाय मुरगळलेली पोरं दुखणं लपवतात. विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली की जास्तच. सर रागावत नाहीत. "कामून लपवतोस रं? आठ दिवस थांब, नाहीतर वर्ष जाईल," एवढंच म्हणतात आणि चाचणी घेतात. दुखऱ्या पायावर उभं राहून डोळे मिटायचे, ३० सेकंद. मग त्याच पायावर उड्या, मग इंग्रजी आठच्या आकारात धावणं. एकात जरी चेहरा वाकडा झाला, तरी पुन्हा बाकावर. बाकावरच्या पोराला सर रिकामं ठेवत नाहीत. आपल्या जागेवरचा खेळाडू बॉल नसताना कुठं उभा राहतो, ते त्यानं मोजून सांगायचं.

सगळं एका दोनशे पानी वहीत टिपलेलं असतं. आज लेफ्ट बॅकच्या (डाव्या बाजूच्या बचावपटूच्या) नावापुढं सरांच्या बारीक अक्षरात: डावा घोटा, डोळे मिटून २२ सेकंद. गुरुवारी परत.