हा बोळ कुठे निघतो?

सोलापुरात रस्ता विचारणारा माणूस ‘हा रस्ता कुठे जातो?’ असे फारसे विचारत नाही. तो विचारतो, ‘हे बोळ कुठं निघतंय?’ जाणे आणि निघणे या दोन क्रियापदांतले अंतर मला लहानपणी चाटी गल्लीत कळले होते. पन्नाशी उलटल्यावर, होटगी रस्त्याच्या आतल्या अंगाला वसलेल्या एका नगरात ते पुन्हा मोजावे लागले.

जुन्या सोलापुरात बोळ निघतोच. मधल्या मारुतीपाशी गर्दी तुंबली की माणूस शेजारच्या बोळात शिरतो, कुणाच्या तरी ओट्यावर वाळत घातलेल्या पापडांना वळसा घालतो आणि भलत्याच पेठेत, पण वेळेवर, बाहेर पडतो. बाळीवेस आणि तुळजापूर वेस यांच्या वेशी केव्हाच गेल्या, नावे मात्र राहिली. पायी चालणाऱ्यांनी शेकडो वर्षे झिजवलेल्या वाटा एकमेकींत मिसळत गेल्या आणि एक वाट बंद झाली तरी दुसरी चालू राहिली. हे कुणी आखलेले नव्हते, म्हणून त्याचे श्रेय कुणाला देताही येत नाही.

माझी आत्या आता त्या नगरात राहते आणि तिच्या गच्चीवरून माझ्या चुलतभावाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी स्पष्ट दिसते. हाक मारली तर ऐकू जाईल एवढेच अंतर आहे. मात्र गाडीने जायचे तर आधी मुख्य रस्त्याला यायचे, एक चौक ओलांडायचा आणि पुढच्या कमानीतून पुन्हा आत वळायचे, असा दीड किलोमीटरचा फेरा पडतो. एप्रिलमध्ये पारा ४२ अंशांवर असताना या फेऱ्याची लांबी कागदावरच्यापेक्षा बरीच वाढते.

याचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, शेळगी, सोरेगाव, मजरेवाडी अशी गावे सामावून घेत सुमारे १७८ चौरस किलोमीटरचे झाले, आणि ‘हद्दवाढ भाग’ हे नाव तेव्हापासून जे चिकटले ते आजही सुटलेले नाही. हद्द एका दिवसात वाढते, शेते मात्र एकेक करून विकली जातात. ज्याचे शेत आधी विकले गेले त्याचे गुंठे पडले, मधून एक रस्ता काढला गेला आणि तो शेताच्या बांधापाशी थांबला. शेजारचे शेत दहा वर्षांनी विकले गेले तेव्हा त्याचा रस्ता भलतीकडून आला आणि त्याच बांधाच्या पलीकडे थांबला. दोन्ही नकाशे आपापल्या जागी नीटनेटके होते, फक्त ते कुणी शेजारीशेजारी ठेवून पाहिले नसावेत. आता बांधाच्या जागी भिंत आहे. रेल्वेरुळांनीही शहराचे दोन तुकडे केले, पण निदान पूल कुठे आहे हे तिथे सर्वांना ठाऊक असते.

सात रस्ते जिथे मिळतात त्या चौकाला आम्ही ‘सात रस्ता’ हेच नाव देऊन मोकळे झालो. नव्या नगरांत चार रस्ते मिळालेला चौकही शोधावा लागतो, कारण एका बाजूला प्रायः कुणाचे तरी कंपाउंड असते. शहराच्या विस्ताराचा अभ्यास करणारे लोक हेच मोजतात म्हणे : किती तिठे, किती चव्हाटे आणि किती रस्ते पुढे बंद.

शहराबाहेर, कुंभारी गावाजवळच्या रे नगर या वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरांचे वाटप झाले आणि विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबांना स्वतःचे छप्पर मिळाले, ही मोठीच गोष्ट आहे. पण शहराच्या पूर्व भागात जी बाई टोपली घेऊन दोन बोळ ओलांडून विड्या द्यायला जाई, तिला शहरातले कुठलेही काम आता अक्कलकोट रस्त्याने, रिक्षाच्या भाड्यात मोजावे लागते.

गेल्या महिन्यात आत्याने आमटीचा डबा चुलतभावाकडे पोहोचवायला सांगितला. मी गाडीची किल्ली शोधत होतो, तेवढ्यात शेजारचा शाळकरी मुलगा मला कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटकडे घेऊन गेला. मागच्या भिंतीतल्या विटा कुणीतरी काढलेल्या होत्या आणि त्या फटीच्या कडा लोकांच्या खांद्यांनी घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

“इथनं निघतंय काका,” तो म्हणाला, “फक्त डबा आडवा धरा.”