भिंतीवर काय लावायचं ते गोळी झाडण्याआधी ठरवा

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारायचा नऊ दिवसांचा मोसम सुरू होतो. इतकी वर्षं मॅडिसनमध्ये राहून मी शेवटी सुरक्षिततेचा कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि मागच्या मोसमात दुसऱ्याच दिवशी रिचलंड काउंटीत एका मित्राच्या शेताच्या कडेला मला आठ टोकांच्या शिंगांचा नर मिळाला. मी मूळचा कोल्हापूरचा. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं बघत मोठा झालो. त्यामुळे डोक्यात एकच चित्र होतं: छातीपासून वरचं हरीण, मान जराशी वळलेली, डोळे काचेचे. इथे त्याला शोल्डर माउंट म्हणतात.

ते चित्र मी रानातच बिघडवलं. आनंदात मागच्या पायांना दोर बांधला आणि दगडगोट्यांवरून गाडीपर्यंत ओढत आणलं. केसांच्या उलट दिशेने ओढलं गेल्यामुळे एका खांद्यावरचे केस घासून पार निघाले. त्यात आतडी काढताना सुरी छातीच्या हाडापाशी थांबवायची, ती मी मानेच्या बुडापर्यंत नेली.

टॅक्सिडर्मिस्टने, म्हणजे कातडं साच्यावर चढवून जनावर जतन करणाऱ्या कारागिराने, खांद्यावरून हात फिरवला आणि नुसती मान हलवली. मग नीट समजावून सांगितलं. कातडं पुढच्या पायांच्या बरंच मागे, बरगड्यांवर गोल कापायचं, गळ्याला सुरी लावायची नाही, आणि लवकर थंड करायचं, नाहीतर जिवाणू लागून केस मुळासकट सुटतात. डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर आणि मानेचा घेर मोजून फोमचा साचा मागवतात, कमावलेलं कातडं त्यावर चढवतात. मान ताठ हवी की पुढे झुकलेली, डावीकडे वळलेली की उजवीकडे, हे भिंत बघून ठरवायचं. हरणाने खोलीत येणाऱ्याकडे बघावं, कोपऱ्याकडे नाही. सांगितलेला भाव साडेसातशे डॉलर, आणि थांबायचं दहा महिने.

माझ्या कातड्यावर त्याच्याकडे उपाय होता. दुसऱ्या हरणाचं चांगलं कातडं विकत घ्यायचं आणि त्यावर माझी शिंगं बसवायची. इथे हे सर्रास चालतं आणि त्यात फसवणूक नाही. पण मला ते पटेना. त्या सकाळी माझ्यासमोर उभा होता त्याचा तो चेहरा नसणार, मग रोज बघायचं कुणाला?

घरी बायकोचं म्हणणं सरळ होतं. "शिंगं लाव, पण डोळे नकोत. स्वयंपाक करताना कुणीतरी बघतंय असं मला नको." म्हणून युरोपियन माउंट ठरलं, म्हणजे फक्त स्वच्छ पांढरी कवटी आणि शिंगं.

आधी तपासणी. २००२ साली मॅडिसनजवळच्या माउंट होरेब भागात हरणांचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा रोग सापडला, आणि आमच्या नैर्ऋत्य पट्ट्यात तो आज बराच पसरलाय. घशामागच्या लसिका ग्रंथींचा नमुना घेतात. त्याने कवटीला धक्का लागत नाही. प्रायॉन, म्हणजे हा रोग पसरवणारं बिघडलेलं प्रथिन, उकळून नष्ट होत नाही, म्हणून निकाल येईपर्यंत डोकं आणि मांस दोन्ही फ्रीजरमध्येच ठेवलं. दोनेक आठवड्यांनी 'आढळला नाही' असा निकाल आला आणि घरात खऱ्या अर्थाने आनंद झाला.

मग अंगणात, टर्की तळायच्या मोठ्या पातेल्यात काम सुरू केलं. पाण्याला आधण येऊ द्यायचं नाही, कडेने बारीक बुडबुडे दिसले की आच कमी करायची. खळखळ उकळलं तर नाकाची हाडं सुटतात. नाकाच्या आत कागदाच्या सुरळीसारखी इतकी पातळ हाडं असतात की मी ती फक्त पाण्याच्या हलक्या धारेने धुतली. मेंदू मागच्या भोकातून काढला. नंतर तीन आठवडे भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढली. ही पायरी गाळली तर पुढे हाड पिवळं पडतं. पांढरं करायला केस रंगवणाऱ्यांकडचं ४० व्हॉल्यूम पेरॉक्साइड क्रीम वापरलं, शिंगांच्या बुडाला आधी प्लास्टिक गुंडाळून, नाहीतर तीही पांढरी पडतात. कपड्यांचं ब्लीच चुकूनही वापरू नका. हाड पिठूळ होत जातं.

पातेल्याच्या तळाशी दोन दाढा सापडल्या. मुलीने त्या वाटीत धुतल्या आणि विचारलं, "बाबा, वरचे पुढचे दात कुठे हरवले?" हरवले नव्हते. हरणाला ते नसतातच, आपल्या शेळीसारखे. वरच्या जबड्यात एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा, एवढेच. तिने बोट लावून बारा मोजले, मग गोंदाने दोन्ही दाढा आपापल्या खाचेत बसवल्या.

कवटी जिन्याच्या भिंतीवर आहे, आतल्या लाकडी खांबात स्क्रू मारून, फायरप्लेसपासून आणि थेट उन्हापासून लांब. उन्हाने शिंगांचा तपकिरी रंग उडतो. जिना चढताना मुलगी अजून त्या दोन दाढांना हात लावून बघते.