तंबोरा, १५८ सेंटिमीटर आणि काउंटरवरचा काटा

मुलीने मिरजेचा तंबोरा मागितला, तेव्हा तो मुंबईहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला कसा न्यायचा हा प्रश्न मला फारसा अवघड वाटला नव्हता. जनानी तंबोरा, म्हणजे बायकांच्या आवाजासाठीचा लहान तंबोरा, आणि त्याची फायबरची पेटी मिळून वजन जेमतेम साडेबारा किलो भरले होते, आणि आम्हा दोघांच्या तिकिटांवर माणशी २३ किलोचे दोन नग नेण्याची मुभा होती. म्हणजे तीन बॅगा आणि चौथा नग तंबोरा, असा सरळ हिशेब मी मांडला. तिकिटाच्या अटी सावकाश वाचल्यावर वजनाच्या ओळीखालची दुसरी ओळ दिसली: लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. पेटीला टेप लावली तर १३६, ४३ आणि ४१, म्हणजे एकूण २२० सेंटिमीटर झाले.

यापूर्वी मी तीनदा परदेशी गेलो आहे, पण बॅगेला टेप लावलेली कधीही पाहिली नव्हती. चाके आणि मूठ धरून मोजल्या तर घराघरांतल्या थोरल्या सूटकेसी १५८ च्या काठावर किंवा किंचित पलीकडेच असतात, आणि त्यांना कोणी हटकत नाही. वजनाचे तसे नसते, कारण काट्यावरचा आकडा प्रवासी आणि कर्मचारी दोघांनाही दिसतो आणि बॅगेच्या चिठ्ठीवर छापलाही जातो. आकार मात्र नजरेने जोखला जातो, आणि चौकोनी बॅग या नजरेतून सहज निसटते. भोपळ्याच्या आकाराची, पट्ट्यावर धड उभी न राहणारी पेटी निसटणे शक्यच नव्हते.

म्हणून विमान कंपनीला फोन केला. पहिल्या दिवशी उत्तर मिळाले की वजन मर्यादेत असेल तर वाद्याला वेगळे शुल्क पडत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या व्यक्तीने सांगितले की आकार मोठा असल्यामुळे शुल्क पडेल आणि आगाऊ नोंदही करावी लागेल. फोनवरचे बोलणे काउंटरवर उपयोगी पडत नाही हे ओळखून मी तिन्ही मापे आणि वजन लिहून ईमेल पाठवला. चार दिवसांनी शुल्काच्या रकमेसह नोंद झाल्याचे उत्तर आले, ते छापून पासपोर्टसोबत ठेवले. दरम्यान एका परिचितांनी अमेरिकेतील नियमाकडे लक्ष वेधले होते. तिथे २०१५ पासून विमान कंपन्यांना मोठी वाद्ये, तिन्ही मापांची बेरीज १५० इंच आणि वजन १६५ पौंड यांच्या आत असल्यास, सामान म्हणून स्वीकारावी लागतात. मात्र तो नियम अमेरिकी कंपन्यांपुरता आहे आणि आमची कंपनी अमेरिकी नव्हती. शिवाय त्या नियमातही शुल्क माफ नाही.

कोल्हापूरहून विमानाने मुंबई गाठण्याचा विचारही सोडून दिला. देशांतर्गत तिकीट वेगळे काढले की त्यावर बहुधा १५ किलोचीच मुभा असते आणि पुढच्या तिकिटावरचे २३ किलो तिथे उपयोगी पडत नाहीत. त्यापेक्षा महालक्ष्मी एक्सप्रेस बरी.

पेटी भरताना कारागिराने सांगितलेले सगळे तंतोतंत पाळले. तारा पूर्ण न काढता सैल केल्या, तारांवरचे सूर जुळवायचे मणी खाली सरकवले, आणि भोपळा व पेटी यांच्यामध्ये बोटभरही पोकळी राहू नये म्हणून सौभाग्यवतींची जुनी सुती लुगडी चारही बाजूंनी ठासून भरली. ‘वजनाला अजून दहा किलो वाव आहे’ म्हणून तिथे पापडांचा डबा ठेवण्याची सूचना घरातून आली होती, परंतु तपासणीसाठी ही पेटी उघडली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असल्याने मी ती मान्य केली नाही.

मुंबईत काउंटरवर मात्र पहिली अडचण तंबोऱ्याने आणलीच नाही. पहिली बॅग २३.४ किलो भरली आणि मुकाट्याने पट्ट्यावर गेली. दुसरी २४.३ भरली. काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, “काका, यातलं किलोभर काढावं लागेल.” घरच्या लटकत्या काट्यावर हीच बॅग २३.२ भरली होती, हे मी सांगून पाहिले. तिने वाद न घालता बॅग शेजारच्या काट्यावर ठेवायला लावली, तिथे २४.२ आले. घरचा काटाच एक किलो कमी दाखवत होता, हे मान्य करावे लागले. दोन्ही बॅगांवरून माझा अंदाज असा, की चारशे-पाचशे ग्रॅम माणसाच्या मर्जीवर सुटतात. त्यापुढे गेले की मर्जीही थांबते.

मग रांगेच्या बाजूला बॅग उघडून बसलो. काय काढायचे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. लोणच्याची बरणी सर्वांत जड, पण ती केबिन बॅगेत घातली तर सुरक्षा तपासणीत अडकणार. शिवाय केबिन बॅगेलाही आमच्या तिकिटावर ७ किलोची मर्यादा होती. शेवटी भाजणीचे पाकीट, मेतकूट आणि एक जाड स्वेटर बाहेर आले. भाजणी माझ्या केबिन बॅगेत गेली, मेतकूट सौभाग्यवतींच्या पर्समध्ये, आणि स्वेटर ऐन मे महिन्यात मी अंगात घातला.

आमच्या शेजारी एका गृहस्थांचा खोका ३४ किलो भरला होता. ते जास्तीचे पैसे भरायला तयार होते, तरी तो घेतला गेला नाही. २३ ते ३२ किलोपर्यंत पैसे देऊन चालते, पण ३२ च्या वरचा एकच नग सामान म्हणून स्वीकारत नाहीत, कारण तो उचलणाऱ्या हमालाच्या पाठीचा प्रश्न असतो. तेवढे जड सामान कार्गोनेच जाते. त्या गृहस्थांना आयत्या वेळी दुसरी बॅग विकत घेऊन खोक्यातले सामान विभागावे लागले.

तंबोऱ्याची पाळी आली तेव्हा ईमेलची प्रत पुढे केली. तरीही त्या मुलीने खणातून टेप काढून तिन्ही बाजू स्वतः मोजल्या, बेरीज केली आणि पेटीच्या मुठीला बांधलेल्या चिठ्ठीवर पेनाने २२१ असा आकडा लिहिला. माझ्या मापात एका सेंटिमीटरची चूक होती. साडेआठ हजार रुपये वेगळ्या खिडकीवर भरून पावती आणून दाखवावी लागली. त्यानंतर ‘लिमिटेड रिलीज’च्या चिठ्ठीवर सही मागण्यात आली, म्हणजे नाजूक वस्तू मोडली तर कंपनी जबाबदार नाही अशी कबुली. सही केली नाही तर पेटी जाणार नव्हती, त्यामुळे केली. पण त्याआधी उघड्या पेटीतील तंबोऱ्याची, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि खुंट्यांसह, छायाचित्रे काढून ठेवली. नुकसानीची लेखी तक्रार विमानप्रवासाविषयीच्या १९९९ च्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार ७ दिवसांत करावी लागते, आणि तेव्हा आधीची अवस्था दाखवता यावी एवढाच हेतू होता. मग पेटी मोठ्या सामानाच्या वेगळ्या पट्ट्यापर्यंत मी स्वतः वाहून नेली; तिथे ती आडवी ठेवून तिची एक्स-रे तपासणी झाली.

न्यूअर्कला नेहमीच्या पट्ट्यावर तिन्ही बॅगा आल्या तरी पेटी येईना. वीस मिनिटांनी विचारले, तेव्हा कळले की मोठे सामान बाजूच्या एका दाराने येते. ती तिथे भिंतीला टेकून उभी होती. घरी नेऊन उघडली. एक खुंटी ढिली झाली होती आणि लुगड्यांच्या घड्या बदललेल्या होत्या, म्हणजे वाटेत कोणीतरी पेटी उघडून पुन्हा नीट भरली होती. भोपळा शाबूत होता. मुलीने त्याच संध्याकाळी तारा चढवल्या. पेटी तिच्या कपाटामागे उभी आहे आणि मुठीला अजून २२१ ची ती चिठ्ठी लटकते.