तुम्ही विचारलंत म्हणून: भर उन्हात मुंबई पायी कशाला?

बाहेरगावचे पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. "अगं एवढ्या उन्हात पायी कशाला, टॅक्सी करू ना, एसीत बसून दोन तासांत सगळं बघून होईल." प्रत्येकाला मी आजवर अर्धंमुर्धं उत्तर देत आले, आता एकदाच नीट लिहिते.

दक्षिण मुंबईतला फोर्ट हा भागच ऊन लक्षात घेऊन बांधलेला आहे. ज्यांनी बांधला त्यांना इथलं ऊन आणि इथला पाऊस दोन्ही पुरतं कळलेलं होतं, म्हणून सावली बिल्डिंगच्या पोटातच ठेवली, आणि ही सावली चालणाऱ्यालाच मिळते, टॅक्सीत बसलेल्याला ती कळतही नाही. डी.एन. रोडच घ्या. पूर्वीचा हॉर्नबी रोड, आता दादाभाई नौरोजींच्या नावाचा. दोन्ही बाजूंच्या जुन्या बिल्डिंगांना तळमजल्यावर कमानींचे लांबच लांब पॅसेज आहेत, वर ऑफिसं, खाली दुकानं आणि मधे आपण. बिल्डिंग कोणाचीही असो, कमान ठेवायचीच असा नियमच होता. एकीच्या कमानी टोकदार, दुसरीच्या गोल, तिसरीच्या खांबांवर पानाफुलांचं कोरीवकाम, पण चालणाऱ्याच्या डोक्यावरचं छत फारसं तुटत नाही. आता तिथे चार्जर, चपला, जुनी पुस्तकं विकणारे बसतात, गर्दी असते, तरी मे महिन्यातसुद्धा तिथून चालता येतं.

तर माझा क्रम असा. सकाळी साडेनऊच्या सुमारास सीएसएमटी. स्टेशनची पुढची बाजू सकाळी स्वतःच्याच सावलीत असते, तिथे आरामात उभं राहून मान वर करून बघायचं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं हे डिझाइन, काम सुरू झालं १८७८ ला, आणि कोरीवकामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. मोर, घुबडं, माकडं, पानं, गेटच्या खांबांवर सिंह आणि वाघ. रोज लाखो माणसं खालून पळत जातात, थांबून बघणारे किती कमी! समोर महापालिकेची बिल्डिंग, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची, आणि सकाळचं ऊन तिच्यावर पडलेलं असतं, म्हणजे सावलीत उभं राहून उन्हातली बिल्डिंग बघायची. माझी दिवसभराची पद्धत हीच. स्टेशनसमोर 'आराम' हॉटेलचा वडापाव खाऊन घ्या, पुढे भूक लागतेच.

मग मिंट रोडवरचं रतनसी मुळजी कारंजं. १८९४ चं, मुलगा गेला त्याच्या आठवणीत बापाने बांधलेलं. वाटसरूला पाणी मिळावं म्हणून पैसेवाल्या लोकांनी त्या काळी मुंबईभर अशा पाणपोया बांधल्या, सगळं शहर पायीच चालायचं ना तेव्हा. बाटली मात्र स्वतःची भरून न्या.

तिथून एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीच्या पायऱ्या. टाउन हॉलची ही बिल्डिंग १८३३ ची, तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारपर्यंत पायऱ्यांवर सावली. बसा खुशाल, समोर हॉर्निमन सर्कलची झाडं. १८५० च्या दशकात याच टाउन हॉलसमोर वडाखाली शेअर दलाल जमायचे आणि त्यातूनच पुढे मुंबईचा शेअर बाजार उभा राहिला. सौद्याची जागासुद्धा झाडाची सावली बघून ठरली, मला ही गोष्ट फार आवडते.

हुतात्मा चौकात मात्र सावली शोधू नका. तिथे उन्हातच उभं राहायचं. एका बाजूला १८६४ चं फ्लोरा फाउंटन, शेजारी मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला, मुंबईसकट महाराष्ट्र मागणारी माणसं इथे पडली. आपल्यातले कितीतरी जण बसमधून हा चौक शेकडो वेळा ओलांडतात आणि एकदाही उतरत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. पाहुण्यांबरोबर लहान मुलं असली तर मी त्यांना इथे सगळं सांगते, मग उशीर झाला तरी चालेल.

ऐन दुपारी म्युझियम. बारा ते तीन बाहेर फिरायचा हट्ट करू नये, काळाघोड्याजवळ वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर आर्ट गॅलरी दोन्ही आहेत. गेटवे बघायचाच असेल तर इथून जवळ आहे, पण तिथे दुपारी फरशी तापते आणि गर्दी असते, मी बहुतेक वेळा टाळते.

आणि साडेतीन-चारला ओव्हल मैदान. टॅक्सी करू म्हणणाऱ्या पाहुण्यांना माझं खरं उत्तर इथे आहे. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, जुनं सचिवालय, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, कारण तेव्हा समुद्र बराच जवळ होता आणि वारा तिकडून यायचा, म्हणून खोल व्हरांडे ठेवले. पुढे समुद्रात भराव टाकला आणि त्या जमिनीवर १९३० नंतर पश्चिमेची आर्ट डेको, म्हणजे त्या काळच्या नव्या, साध्या रेषांच्या शैलीतल्या बिल्डिंगांची रांग आली, तिच्या खिडक्यांवर भुवयांसारखे लांब छज्जे, तेही उन्हापावसासाठीच. दोन्ही मिळून ९४ बिल्डिंगा २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. आता चार वाजता सूर्य डेकोच्या मागे जातो, त्यांची सावली फुटपाथवर येते, तिथे उभं राहा आणि समोर बघा. कलतं ऊन थेट राजाबाईवर पडतं, पिवळट दगड उजळतो आणि सकाळी सपाट वाटणारं कोरीवकाम एकेक उठून दिसायला लागतं. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे पुतळे आहेत, ते याच वेळेला नीट दिसतात, दुर्बीण असेल तर आणा. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि आईचं नाव टॉवरला लावलं. ढगाळ दिवशी हे असं दिसत नाही, मी बघितलंय.

चर्चगेट तिथून पाच मिनिटांवर. गाडी तिथूनच सुटते, बसायला जागा मिळू शकते, फक्त पाचच्या आत निघा म्हणजे ऑफिस सुटायची गर्दी लागायची नाही. टोपी, सुती कपडे, आणि चपला जुन्या घाला, नव्या नकोत.