मुंढ्याहून मोठी बाही

सूटच्या कारखान्यात तपासणीचं काम करणाऱ्याची नजर आधी जाते ती खांद्यावर. तिथे चुणी दिसली की लाल स्टिकर, कोट बाजूला, पुढचा नग. त्या हिशेबाने नेपल्सच्या त्या शिलाईघरात टांगलेला एकूण एक कोट नापास होता. सगळ्यांच्या बाह्यांना खांद्याजवळ बारीक चुण्या, शर्टाच्या बाहीला असतात तशा. आणि हे कोट आमच्या सूटच्या कित्येक पट किमतीचे!

हातशिलाईतलं आमच्या लाइनवर काय आणता येईल ते बघून ये, म्हणून कंपनीने मला पाठवलं होतं. व्हिया क्यायाजवळच्या जुन्या इमारतीत वरचा मजला, खिडकीशी लांब टेबलं, इस्त्रीची वाफ, चार-पाच कारागीर. मास्तर सत्तरीचे. ते नेपल्सच्या बोलीत बोलायचे आणि त्यांची मुलगी मला इंग्रजीत सांगायची.

अकराच्या सुमारास एक वयस्कर वकील पहिल्या ट्रायलला आले. इटलीत वकिलाला हाकसुद्धा ‘अव्वोकातो’ अशीच मारतात, त्यामुळे त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. अंगावर चढवला तो अजून कोट म्हणावा असा नव्हताच. खिसे नाहीत, अस्तर नाही, बाही एकच, आणि सगळीकडे पांढऱ्या दोऱ्याचे बोटभर लांब कच्चे टाके.

आरशासमोर ताठ उभं राहा, असं मास्तर म्हणालेच नाहीत. कॉफीचा कप उचलायला लावला, वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढून मागितला, मध्येच नापोलीच्या फुटबॉल मॅचवर वाद घातला. माणूस स्वतःला विसरला की त्याचं खरं अंग दिसतं, आणि मास्तर बघत होते ते तेच. वकिलांचा उजवा खांदा चांगलाच उतरलेला होता. आमच्याकडे अशा वेळी त्या बाजूला जाड पॅड घालून खांदे सारखे करतात. इथे मास्तरांनी उजव्या खांद्याची शिवण उसवली, कापड वर उचललं, आणि जेवढं उचललं तेवढाच मुंढा, म्हणजे बाही जोडायचं गोल भोक, खाली उतरवायची खूण खडूने केली. खांदा उतरलेला तर उतरलेला, कोट त्याच्याबरोबर उतरेल.

मग बाही. हात खाली सोडला की तिच्या मागच्या बाजूला तिरप्या रेघा पडत होत्या. मास्तरांनी बाही धरली आणि एका हिसक्यात उपटून काढली. माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघून गेलं. वकील मात्र मॅचवरच बोलत राहिले. कच्च्या शिलाईचा तो सुती दोरा मुद्दामच कमजोर असतो. ओढला की तो तुटावा आणि कापडाला इजा होऊ नये. वकिलांचे हात नैसर्गिकपणे थोडे पुढे लोंबतात, म्हणून मास्तरांनी बाही पुढच्या बाजूला जेमतेम सेंटिमीटरभर फिरवून टाचण्या लावल्या. रेघा गेल्या. आमच्या पॅटर्नवर बाही कुठे बसवायची त्याच्या खाचा ठरलेल्या असतात आणि त्या हजार माणसांसाठी एकच असतात.

दुपारी मी टेप घेऊन बसले. बाहीच्या माथ्याचा घेर मुंढ्यापेक्षा सात सेंटिमीटर जास्त निघाला. आम्ही तीन-चारवर थांबतो. मुंढा त्यांचा लहान आणि बगलेत वर. मोठ्या मुंढ्याचा कोट हात वर केला की सगळाच्या सगळा वर चढतो. लहान मुंढ्याचा जागच्या जागी राहतो. पण लहान मुंढ्यात हात हलायला जागा हवी, ती हे जादा कापड देतं. काही भाग वाफेने आटवतात, उरलेलं सुईने दाबत दाबत बसवतात, शिवणीची दुमड खांद्याच्या बाजूला वळवतात, पॅड घालत नाहीत. राहतात त्या चुण्या. मी ज्याला लाल स्टिकर लावते ती हात हलवायची शिल्लक होती.

हे आलं कुठून, तर 1930च्या दशकात नेपल्सच्या रुबिनाच्चींच्या ‘लंडन हाउस’ या शिलाईच्या दुकानात विन्चेन्झो अत्तोलिनी या कटरने, म्हणजे कापड बेतणाऱ्याने, भरीव इंग्लिश कोटातलं पॅडिंग काढून तो हलका केला. त्या गावचं ऊन बघता कोणीतरी हे करणारच होतं.

सगळं हाताने शिवतात हे मात्र खरं नाही, निदान इथे तरी नाही. लांब सरळ शिवणी मशीनवरच मारत होते, आणि तिथे मशीनच बरी. हात लागतो तो कापडाला गोलाई द्यायची तिथे. साठीच्या एक बाई लॅपल, म्हणजे कोटाची छातीवर उलटी वळणारी कड, शिवत होत्या. घोड्याच्या केसांचं कॅनव्हास वर, कापड खाली, दोन्ही डाव्या हाताच्या बोटावर वाकवून धरलेलं, आणि सुई खालच्या कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलून परत वर. वाकवूनच शिवल्यामुळे आतल्या वळणावरचं कापड किंचित आखूड पडतं आणि लॅपल आपोआप वळून बसतो, इस्त्रीने मोडावा लागत नाही. उलट बाजूने टाके दिसतात का ते मी भिंगाखाली पाहिलं: सुईच्या टोकाएवढे खळगे, तेही उजेड तिरपा पडला तर. आमच्या कोटात हेच काम गोंदाचं इंटरलायनिंग, म्हणजे कापडाला आतून चिकटवलेला थर, करतं, आणि ड्रायक्लीनच्या फेऱ्या वाढल्या की छातीवर फुगे येतात. त्या तक्रारींची फाइल माझ्याच टेबलावर असते.

परत आल्यावर साहेब म्हणाले, खांद्यावर चुणी दिसली तर आपलं गिऱ्हाईक कोट परत करेल. खरंच करेल. बाहीच्या कुठल्या भागात किती कापड जिरवायचं हे ठरवता येणारी मशीन मिळते, पण माणूस समोर नसताना बाही कुठे फिरवायची ते ती सांगू शकत नाही. म्हणून चुण्यांचा नाद सोडला. छातीला गोंदाऐवजी कॅनव्हास घातलं तर खर्च किती वाढेल तो हिशेब दिलाय, आणि 40 नंबरच्या मापात मुंढा एक सेंटिमीटर वर घेऊन चार नमुने शिवायला टाकलेत. पहिला नमुना साहेब स्वतः घालून बसच्या दांडीला लटकल्यासारखा हात वर करून बघणार आहेत.