मी न दिलेला टेक

आधी उन्हाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. एप्रिलचा शेवट, रावेरकडचं लग्न, पारा 44 च्या वर. मी बँडमध्ये अल्टो सॅक्सोफोन वाजवतो, 24 वर्षं झाली, त्याआधी क्लॅरोनेट वाजवायचो. दुपारी टाळी लागली, म्हणजे लग्न लागलं, की आम्हाला जेवायला आणि सावलीत पडायला तीनेक तास मिळतात, मग संध्याकाळी वरात. एरवी मी सॅक्सची पेटी उशाशी घेऊन झोपतो. त्या दिवशी आमच्यातल्या एका पोराला म्हटलं सावलीत ठेव रे, त्याने टेम्पोत ठेवली, टेम्पो तेव्हा निंबाखाली होता, पण नंतर पाहुण्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून कोणीतरी तो उन्हात काढून लावला. काळी पेटी, पत्र्याचा टेम्पो, तीन तास.

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून सांगतो. सॅक्स पितळी दिसतो, लोक त्याला ट्रम्पेटचा भाऊ समजतात, पण त्याचा जीव पितळेत नाही. वर एक बारीक रीड, नळाच्या काडीची पत्ती, आणि खाली नळीवर वीसेक भोकं, प्रत्येक भोकावर झाकण, आणि प्रत्येक झाकणात आतून चामड्याचा गोल पॅड चिकटवलेला. हे पॅड भोकावर असे बसायला हवेत की केसाएवढी फट राहता कामा नये. फट राहिली की हवा गळते, आणि वर कुठे गळली तर मार खालच्या स्वरांना बसतो. पॅड चिकटवायचे ते लाखेने, जुने कारागीर लाखच वापरायचे. पण मागच्या वर्षी ज्याच्याकडे मी काम करून घेतलं त्याने लाखेऐवजी साधा ग्लू गनचा गोंद भरला, वीस मिनिटांचं काम पाच मिनिटांत, आणि पैसे पूर्ण. तो गोंद थंडीत ठणठणीत राहतो. खान्देशातल्या एप्रिलमध्ये बंद पेटीत तो लोण्यासारखा होतो. माझा राग त्या माणसावर आहे तसा माझ्यावरही आहे, कारण मी समोर उभा होतो आणि गप्प राहिलो.

वरातीत खालचे स्वर जड जातायत हे कळत होतं. पण समोर ढोल, बाजूला बँजो, मागे जनरेटर, कोण ऐकतंय. जोर लावला आणि रात्री 10 पर्यंत ओढून नेलं, दहाला पोलिसांच्या धाकाने सगळंच बंद होतं. तिथून जळगाव, एरंडोल, पारोळा करत पहाटे धुळ्याला पोचलो, कारण सकाळी 11 ला रेकॉर्डिंग होतं.

रेकॉर्डिंग म्हणजे माझ्यासाठी फार मोठी गोष्ट. लग्नात सुपारी घेऊन गावोगाव फिरणं हा आमचा धंदा, त्यात वाजवलेलं तिथल्या तिथे हवेत जातं. सॅक्सवाल्याचं नाव तसंही कोणाला माहीत नसतं. आर. डी. बर्मनच्या गाण्यांतला सॅक्स सगळ्यांना गुणगुणता येतो, मनोहारी सिंग म्हटलं की लोक विचारतात ते कोण. त्यामुळे एका अहिराणी गाण्यासाठी, मुलीच्या पाठवणीचं गाणं, त्यात चाळीस सेकंद नुसता सॅक्स पाहिजे असा फोन आला तेव्हा मी पैसे विचारलेच नाहीत.

स्टुडिओ म्हणजे एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पण आत एसी 22 वर. काल 44, आज 22. ऊन लागलं की सॅक्सचा स्वर चढतो, थंडीत उतरतो. नुसत्या हवेचा हिशोब धरला तर एका डिग्रीला साधारण तीन सेंट, आणि अर्ध्या स्वराचे सेंट शंभर. फुंकेची ऊब आत असते म्हणून फरक तेवढा पूर्ण पडत नाही, पण कॅसिओचा कीबोर्ड जिथल्या तिथे राहतो आणि आपण हलतो, हे वाजवणाऱ्याला पहिल्या सेकंदाला कळतं. काल माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, कॉर्कवर पार बाहेर ओढून ठेवलं होतं, आज ते आत दाबत दाबत सुरात आणलं. संगीतकार 24-25 वर्षांचा पोरगा, नम्र, कामाचा. म्हणाला, "मास्तर, तुम्ही हेडफोन घालून ट्रॅकवर काहीही वाजवा, मी माइकची लेव्हल बघतो."

गाणं पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी हा सा. अल्टोवर तो सा म्हणजे खालचा डी. दोन्ही हातांची तीन-तीन बोटं दाबलेली, जवळपास सगळी नळी बंद. मी डोळे मिटून आलाप घेतल्यासारखं वरून खाली येत गेलो आणि सा वर टेकलो, आणि स्वर फुटला. खालचा सा निघायच्या जागी आवाज मध्येच दुभंगला, अर्धा वरच्या सप्तकात उडाला, अर्धा खाली घरघरत राहिला, आणि दोन्हीच्या मधे काहीतरी कापत होतं. मी हात वर केला, म्हटलं थांब बाबा, लीक आहे.

लाइट बंद करायला लावले. माझ्याकडे एलईडीची एक पट्टी आहे, ती सॅक्सच्या तोंडातून आत सोडायची, अंधारात जिथून उजेड डोकावेल तिथे फट. जी शार्प या स्वराचा पॅड एका बाजूने चंद्रकोरीसारखा चमकत होता. कालच्या उन्हात गोंद पातळ झाला, पॅड तिरका झाला आणि रात्री तसाच घट्ट बसला. लायटरची ज्योत झाकणाखाली धरायची, लांबून, फिरवत, नाहीतर वरची पॉलिश जळते, गोंद हलला की पॅड बोटाने सरळ करायचा आणि झाकण हलक्या हाताने दाबून धरायचं, ते गार होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने उजेड आला. दुसऱ्यांदा बरा बसला. तिसऱ्यांदा पूर्ण काळोख. पाऊण तास गेला, तासावर भाडं होतं, पोराच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं पण तो एक शब्द बोलला नाही.

मग अकरा टेक झाले, म्हणजे तीच जागा अकरा वेळा रेकॉर्ड केली. सातवा माझा. तो कसा वाजला हे मला अजून बोटांत आठवतं. लग्नात आम्ही कडक रीड लावून ओरडतो, कारण ओरडल्याशिवाय आवाज पोचत नाही. इथे मी मऊ रीड लावली, जबडा सोडला, सा वर येताना फुंक जवळजवळ नुसती हवा ठेवली, त्याला सबटोन म्हणतात, स्वराआधी श्वास ऐकू येतो आणि मग स्वर त्या श्वासातून उगवतो. चार मात्रांचे चार आवर्तन धरला, हलू दिला नाही, शेवटी विझू दिला. पोराने तो सोलो करून, म्हणजे बाकी सगळं बंद करून नुसता सॅक्स, मला ऐकवला. चोवीस वर्षांत मी माझा आवाज असा कधी ऐकलाच नव्हता. बाहेर आलो, जिन्यात बसलो, पाणी प्यायलो. तो म्हणाला, मास्तर सातवा फायनल. मी पण म्हटलं सातवा.

महिन्याभराने चोपड्याकडे एका लग्नात आमची वरात थांबली होती आणि समोरच्या पार्टीचा डीजे आला. ते गाणं लागलं. सॅक्सची जागा आली, मी कान टवकारले, वरून खाली आलं, सा वर टेकलं आणि फुटलं.

तो लेव्हल बघत असताना रेकॉर्डिंग चालू होतं. मी हात वर करण्याआधीचं सगळं त्याने घेतलं होतं आणि तेच लावलं होतं.

मी फोन केला. ओरडलो नाही, पण आवाज नीट नव्हता माझा. तो म्हणाला, मास्तर, दोन्ही लावून बघितले, गायिकेला बोलावून ऐकवले, घरी आईला ऐकवले, सगळ्यांना पहिला पाहिजे होता, सातवा सुंदर आहे पण पहिल्यात पोरगी रडते. मी म्हटलं पोरगी रडत नाही, गोंद वितळलाय. म्हटलं विचारायचं तरी. त्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, चुकलं, विचारायला पाहिजे होतं. तो वाईट पोरगा नाही हो. पैसे वेळेवर दिले, गाण्याखाली सॅक्सोफोन म्हणून माझं पूर्ण नाव टाकलं, आमच्या भागात हे कोण करतं? पण त्यामुळेच जास्त लागतं. नाव माझं, आणि त्याच्या वर जे वाजतंय ते मी दिलेलंच नाही.

माझे उस्ताद भुसावळच्या रेल्वे कॉलनीत राहायचे, त्यांना जॅझचं वेड. मुंबईला 1978 साली जॅझ यात्रा नावाचा महोत्सव झाला आणि अमेरिकेचा सॅक्सवाला सनी रोलिन्स आला होता हे ते इतक्यांदा सांगायचे की मला वाटायचं मीच जाऊन आलोय. मी सॅक्सबद्दल कुरकुर केली की चार्ली पार्करचं काढायचे, तोही जॅझमधला मोठा सॅक्सवाला, अरे त्याने टोरंटोला 1953 साली प्लॅस्टिकचा सॅक्स वाजवला, तू पितळेचा घेऊन रडतो. पण पार्करची दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती ती आता डोक्यातून जात नाही. 1946 चा जुलै, लॉस एंजेलिस. पार्करची तब्येत पार बिघडलेली, नीट उभं राहवत नव्हतं, तशात रेकॉर्डिंग केलं. त्याच रात्रीनंतर त्याला आत टाकलं आणि पुढे सहा महिने कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात काढावे लागले. आणि कंपनीने ती तबकडी बाहेर काढली. पार्करला ती अजिबात नको होती, फार चिडला होता तो. आणि लोक आजही ती ऐकतात, तिच्यात जे दुखणं आहे ते दुसरीकडे नाही म्हणतात. फोनवर मी ती शोधून ऐकली, पुन्हा पुन्हा ऐकली. सुरुवातीलाच तो उशिरा येतो, जागा चुकते. आणि खरं सांगतो, मलासुद्धा ती आवडली. त्या रात्री झोप लागली नाही, कारण पार्करच्या बाजूने बोलायला गेलो तर माझे कान त्या कंपनीच्या बाजूने होते.

माझी तुलना त्याच्याशी नाही, कुठे तो आणि कुठे आमची वरात. पण तो तेव्हा आजारी असला तरी वाजवत तोच होता, बोटं त्याची, फुंक त्याची. माझ्या सा मधे जे फुटलं ते मी फोडलं की उन्हाने? उस्ताद असते तर विचारलं असतं. ते म्हणायचे स्वर बोटात नसतो, गळ्यात असतो. मग हा कोणाच्या गळ्यातला?

आता अडचण अशी झालीय की लोकांना तेच पाहिजे. गेल्या आठवड्यात अमळनेरकडे हळद होती, कार्यक्रम संपत आला तेव्हा नवरीचे वडील स्वतः आले, हातात टोपी, म्हणाले, "मास्तर, हाई गानं तुम्हनंच शे ना? वाजाडा." मी वाजवलं. सातव्या टेकसारखं वाजवलं, सबटोन लावून, पूर्ण मनापासून. ते शेवटपर्यंत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "तो आवाज नही उना, भाऊ." तक्रार नव्हती त्यात, त्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी जाणार होती आणि त्यांना तो आवाज पाहिजे होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॅड दुरुस्त आहे हो, म्हणून येत नाही, असं त्या माणसाला त्या वेळी कसं सांगणार?

तेव्हापासून मी रोज पहाटे केळीच्या बागेतल्या मोटारीच्या खोलीत जाऊन तो फुटका सा काढायचा प्रयत्न करतोय. सॅक्स चांगला असताना. गळा आतून अर्धा वरच्या सप्तकाच्या तयारीत ठेवायचा, बोटं खालच्या सा वर, आणि फुंक मधेच पातळ करायची, तर स्वर दोन सप्तकांच्या मधे अडकतो. दहात दोनदा येतो. आला तरी थोडा ठरवून केल्यासारखा वाटतो, मला तरी. बायकोला ऐकवला, ती म्हणाली तसाच आहे. मला नाही वाटत.

मेरठहून नवीन पॅड मागवले, लाखेच्या कांड्याही आणल्या, आणि परवा आख्खा सॅक्स उघडून बसलो. ग्लू गनचा सगळा गोंद खरवडून काढला, एकेक पॅड लाखेवर बसवला, रात्री एलईडी सोडून तपासला, कुठेही उजेड नाही. दोन दिवस लागले. फक्त जी शार्पला हात लावला नाही. त्या पॅडखाली अजून तोच गोंद आहे, स्टुडिओत लायटरने बसवलेला. लाखेची एक कांडी पेटीत तशीच पडलीय. रविवारी यावलला लग्न आहे, टाळी दुपारची.