काही सेंटिमीटर गवत

कीटकांसाठी एखादी जागा राखायची म्हणजे तिला कुंपण घालायचे आणि मग निसर्गाच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ब्रिटनमधल्या ‘लार्ज ब्लू’ या निळ्या फुलपाखराची हकीकत वाचली आणि ती समजूत सोडावी लागली.

या फुलपाखराची मादी रानटी थाइम या सुगंधी वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी सुमारे तीन आठवडे त्या फुलांवर पोसली जाते आणि मग जमिनीवर उतरते. तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवाला आणि गंधाला भुलून लाल मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजतात व वारुळात घेऊन जातात. तेथे ही पाहुणी सुमारे दहा महिने यजमानांच्याच अळ्या खाऊन वाढते. हे फुलपाखरू दुर्मीळ होऊ लागले, तेव्हा दोष संग्राहकांवर गेला आणि त्यांना रोखण्यासाठी कुंपणही घातले गेले. परंतु त्या कुंपणाने गुरांनाही बाहेर ठेवले. पुढे १९५० च्या दशकात मिक्झोमॅटोसिसच्या साथीने ससेही मोठ्या संख्येने मेले, गवत खाणारे कोणी उरले नाही आणि १९७९ मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसे झाले. कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी अनेक वर्षे अक्षरशः जमिनीला डोळे लावून जे शोधले, ते असे : अळी नीट जगते ती मिर्मिका सॅब्युलेटी या एकाच जातीच्या मुंग्यांकडे, आणि या मुंग्यांना उन्हाने तापलेली माती लागते. गवत काही सेंटिमीटर वाढले, की त्याच्या सावलीने माती थंड होते, दुसऱ्या मुंग्या ती जागा घेतात आणि अळीचा आसरा जातो. हे उमगल्यावर चराई पुन्हा सुरू झाली, झुडपे काढली गेली आणि १९८३ पासून स्वीडनमधील फुलपाखरांचा वंश तेथे नव्याने वसवण्यात आला. तो टिकला.

याचा अर्थ सगळीकडे गुरे सोडावीत असा मात्र नाही. कीटक एकाच आयुष्यात दोन-तीन निराळे संसार करतो आणि प्रत्येक संसाराला निराळे घर लागते. सांबरशिंगासारखे जबडे असलेल्या स्टॅग बीटल या भुंगेऱ्याची अळी कुजत्या लाकडात कित्येक वर्षे काढते, प्रौढ भुंगेरा मात्र काही आठवडेच जगतो. त्यामुळे पडलेला ओंडका ‘स्वच्छते’साठी उचलला, की भुंगेऱ्यांच्या काही पिढ्या त्याच्याबरोबर जातात. जगातील बहुतेक मधमाश्या पोळे बांधत नाहीत, एकेकट्या जमिनीत बिळे करून राहतात. त्यांच्यासाठी आपण फुले लावतो आणि उघडी माती दिसली, की तीही झाकून टाकतो. मी देखभाल करतो त्या लहानशा जागेतला एक उन्हाचा उतार आता मुद्दाम उघडा ठेवला आहे. तेथे पेन्सिल जेमतेम शिरेल एवढी भोके आहेत आणि प्रत्येकाभोवती मातीच्या बारीक कणांची कडी आहे. परागाने पिवळे झालेले पाय घेऊन आलेली माशी अनेक भोकांतून आपले नेमके कसे ओळखते, हे पाहत मी बराच वेळ उगाच बसून असतो.

गवतकापणीबद्दल माझे मत जरा कडक आहे. फुलांचे कुरण न कापता वर्षानुवर्षे सोडले, तर दांडगी गवते आणि झुडपे त्याचा ताबा घेतात, म्हणून कापणी हवीच. कापलेले गवत उचलूनही न्यायला हवे, कारण ते तेथेच कुजून माती सकस झाली, की नाजूक फुलझाडे मागे पडतात. परंतु सगळे कुरण एकाच दिवशी कापणे म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष यांचे घर व अन्न दोन्ही एका फटक्यात नेणे होय. तुकड्यातुकड्यांनी, आलटून पालटून कापावे आणि दर वर्षी काही भाग तसाच ठेवावा. यात खर्च वाढत नाही; वाढते ती पाहणाऱ्यांची नापसंती.

एवढे करूनही एकटी राखीव जागा पुरत नाही. जर्मनीतील ६३ संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षे लावलेल्या सापळ्यांच्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन तीन-चतुर्थांशांहून अधिक घटलेले आढळले, आणि तेही संरक्षित म्हणवणाऱ्या जागांत. फिनलंडच्या ओलांड बेटांवर जीवशास्त्रज्ञ इल्का हान्स्की यांनी दाखवले, की एका फुलपाखराच्या छोट्या वस्त्या सतत विझतात आणि शेजारच्या कुरणांतून आलेल्या माद्यांमुळे पुन्हा पेटतात. शेजार तुटला, तर विझलेली वस्ती विझलेलीच राहते. म्हणून शेताच्या कडेचे कुंपणझाड, बांधावरचे गवत आणि रस्त्याकाठची न फवारलेली पट्टी यांचे मोल त्यांच्या क्षेत्रफळावरून ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी न कापलेल्या माझ्या पट्टीत वाळलेले पोकळ देठ अजून उभे आहेत. ती पट्टी यंदा कापायची, असे ठरले होते. परवा विळा घेऊन गेलो, तर तीन देठांची तोंडे ओल्या चिखलाने नुकतीच लिंपलेली दिसली; म्हणजे आत कोणीतरी अंडी घातली होती. विळा परत आणला आणि कापणीसाठी पलीकडचा तुकडा निवडला.